मठाच्या दाराची आगळ

४ मार्च, मंगळवार

परवा रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, देवाजवळ बसलो आणि वखारीत जायच्या ऐवजी सहलीच्या बसमध्ये जाऊन बसलो. आमच्या लाकडाच्या वखारीत रविवारी अर्धा दिवस काम असतं आणि मी सहसा खाडा करत नाही. पण चिमणी म्हणाली, "बाबा, एकदा चला. लग्नाला चार वर्षं झाली, जावई रोज परक्यांना अवशेष दाखवतात आणि सासऱ्यांनी एकदाही पाहिलेले नाहीत." मुलगी विवाहित आहे, बालवाडीत शिकवते, तरी आमच्या तोंडात चिमणीच बसलं आहे.

जावई माइक घेऊन पुढे उभे राहिले. "आज माझे सासरे पहिल्यांदाच आलेत. माझं काही चुकलं तर जोरात टाळ्या वाजवा, म्हणजे त्यांना ऐकू जाणार नाही." सगळी बस हसली. आमची ही त्यांना रेडिओ म्हणते ते उगीच नाही.

आधी जुन्या शहराचा तट, मग बुजलेलं तळं, मग टेकडीवरचं प्रार्थनाघर. तिथे अजून माणसं येतात. जेवण करून शेवटी मठ. मठ म्हणजे आता पडक्या भिंती, वर आभाळ. कोणत्या देवाचा होता हे कुणाला नीट सांगता येत नाही. माझे हात आपोआप जोडले गेले.

मठाच्या मुख्य दाराला लाकूड राहिलेलं नाही, दोन बाजूंचे दगडी खांब तेवढे उभे आहेत. डावीकडच्या खांबात कमरेच्या उंचीवर एक चौकोनी भोक आहे, खोल. जावई आवाज खाली आणून म्हणाले, "इथे एक संन्यासिनी राहायची. तिनं मौन घेतलं होतं. मनातलं दुःख ती या खांबात हात घालून ठेवून द्यायची. खांब ते ठेवून घेतो. हात घालून बघा, तळ लागत नाही."

माणसं रांगेनं हात घालू लागली. मी ते भोक पाहिलं आणि लगेच ओळखलं. आमच्या गावच्या घराच्या दाराला असंच होतं. रात्री दार लावलं की आगळ, म्हणजे आडवं लाकूड, भिंतीतून ओढून समोरच्या खोबणीत बसवायचं आणि सकाळी पुन्हा भिंतीत ढकलायचं. अख्खं लाकूड मावायला हवं म्हणून ते भोक खोल. मी उजवीकडच्या खांबाकडे पाहिलं. तिथे उथळ खोबण होतीच.

चिमणीनं कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटले. बराच वेळ.

परत येताना बसमध्ये ती म्हणाली, "तेरा तारखेचं ऑपरेशन मी पुढे ढकलणार आहे. खांबाकडे ठेवलंय. बघू या थोडे दिवस."

तिच्या गळ्यात गाठ आहे. आवाजाच्या नसेला लागून. डॉक्टरांनी उशीर करू नका असं बजावलं आहे. जावई माइक हातात घेऊन पुढे बसले होते. परतीच्या वाटेवर ते गाणी म्हणायला लावतात म्हणे. त्यांनी काही म्हणायला लावलं नाही.


७ मार्च, शुक्रवार

जावई आज वखारीत आले. करवत चालू होती, म्हणून फळ्यांच्या थप्पीमागे गेलो.

"बाबा, ती संन्यासिनी माझी आहे."

"म्हणजे?"

"मी बनवलेली. गाईड झालो त्या पहिल्याच वर्षी. ऊन कडक होतं, लोक कंटाळलेले, सगळ्यांचं लक्ष बसकडे. तोंडातून निघून गेलं. लोक एकदम जागे झाले. मग रोजच सांगायला लागलो. आता दुसऱ्या कंपनीचे गाईडपण तेच सांगतात, वर माझ्यापेक्षा दोन वाक्यं जास्त."

मी म्हटलं, "मग चिमणीला सांगून टाका."

"कसं सांगू? गेल्या वर्षी एक बाई पुन्हा आल्या होत्या. म्हणाल्या, माझी गाठ गेली, खांबाला सांगायला आलेय. मीच घरी जाऊन हिला कौतुकानं सांगितलं. आता म्हणू की खोटं होतं? उद्या मी ऑपरेशन सोपं आहे म्हटलं तर तेही ती खोटंच धरेल." फळीवरचा भुसा झटकत म्हणाले, "आणि बाबा, आता मलाही कधी कधी वाटतं, असेल. ती बाई काही खोटं बोलणारी नव्हती."

"तुमची गोष्ट आहे. तुम्हीच सांगा."

"तुमचं ती ऐकते."

तेवढ्यात करवतवाला ओरडला, "जावईबापू, सासऱ्याला लपवून कुठं नेताय? मालक शोधतायत!" विषय तिथेच राहिला.


८ मार्च, शनिवार

संध्याकाळी चिमणीकडे गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. दोन खोल्यांचं घर, खिडकीत मुलांनी रंगवलेले कागद वाळत घातलेले. तिनं चहा ठेवला. तिचा आवाज सकाळी बरा असतो, संध्याकाळी घोगरा होतो.

मी सुरुवात केली, "त्या खांबाचं असं आहे..."

ती म्हणाली, "तुम्हाला तिथं काही जाणवलं का, बाबा?"

खोटं कसं बोलणार? जाणवलं होतं. शांत वाटलं होतं. तसं सांगितलं. ती हसली आणि कप धुवायला उठली. पुढचं राहिलं ते राहिलंच.

जिन्यापर्यंत सोडायला आली. "बुधवारी तपासणीला जायचंय. तुम्ही याल?"

"येईन की. गेटपर्यंत सोडतो."

"गेटपर्यंत," ती म्हणाली. मग म्हणाली, "जिन्यावर दिवा नाही, सांभाळून उतरा."


१२ मार्च, बुधवार

चिमणीला आणि हिला हॉस्पिटलच्या गेटपर्यंत सोडलं. आत फार गर्दी असते. मला कोंडल्यासारखं होतं. शिवाय दोघी आहेत, तिसऱ्याचं आत काय काम? समोर झाडाखाली उभा राहिलो. आत जाताना चिमणीनं वळून पाहिलं, मग दाराशी पुन्हा पाहिलं. तिची पाण्याची बाटली माझ्या हातात राहिली होती, म्हणून असेल. मी बाटली हलवून दाखवली. तिनं मान हलवली आणि ती गेली.

उभ्या उभ्या नाम घेत होतो. लक्ष लागेना. माझ्या आईला याच इमारतीत आणलं होतं. चिमणी तेव्हा दुसरीत होती, माझं बोट धरून आतल्या दाराशी उभी होती. दार लागलं. पुढे डॉक्टर बाहेर आले, आई आली नाही. त्याबद्दल काय लिहायचं!

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "गाठ वाढलीये. या महिन्यात काढलीच पाहिजे म्हणतात. नाहीतर आवाज तरी जाईल, नाहीतर..."

चिमणी म्हणाली, "अजून महिना संपला कुठंय?"


१६ मार्च, रविवार

हिचं आणि माझं वाजलं. म्हणजे बोलली तीच.

"दोन बाप्ये आणि एक भोक! जावई म्हणतात सासऱ्यांनी सांगावं, सासरे म्हणतात जावयांनी सांगावं. मधल्या मधे पोर जाईल."

"तूच सांग मग."

"मी रोज सांगतेय, जा म्हणून. ती म्हणते, बाबा काय म्हणतात? मी काय सांगू, बाबा काय म्हणतात? बाबा काहीच म्हणत नाहीत."

मी म्हटलं, "श्रद्धेचा प्रश्न आहे, असा एकदम हात घालता येत नाही."

"श्रद्धा!" एवढंच म्हणून ती भांडी घासायला गेली आणि एरवीपेक्षा जास्त आवाज करून घासली.

ती म्हणते ते कळतं. पण माझी अडचण तिला कळत नाही. गावी ज्या दगडापुढे मी लहानपणापासून डोकं ठेवलं, तोही कुणीतरी एका दिवशी तिथे ठेवलाच असेल. त्या माणसाच्या मनात काय होतं हे मला कुठे माहीत आहे? जावयांनी उन्हात बनवलेली संन्यासिनी खोटी आणि माझा दगड खरा, हे मी कोणत्या तोंडानं सांगू? सकाळी देवाजवळ बसलो तेव्हा हेच विचारलं. रोज निदान बरं वाटतं, आज तेही वाटलं नाही.


१७ मार्च, सोमवार

सागाचा एक लांब तुकडा बरेच दिवस वखारीच्या कोपऱ्यात पडून होता. आज त्याच्याकडे पाहता पाहता सुचलं. जे तोंडानं सांगता येत नाही ते लाकडानं सांगावं. आगळ करायची, मठात न्यायची, भोकातून सरकवून समोरच्या खोबणीत बसवायची. चिमणीनं डोळ्यांनी पाहिलं की झालं. देवाविरुद्ध एक शब्द बोलायला नको.

जावयांना फोन केला. त्यांना एकदम पटलं. इतकं पटलं की मला थोडी शंका आली. म्हणाले, "उद्याच माप आणतो."


१९ मार्च, बुधवार

माप आलं. जावयांनी पर्यटकांसमोरच एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सुतळी धरली. एकानं विचारलं, हे काय? यांना काही सुचेना. दोन जोडप्यांनी पुढे येऊन सुतळीला हात लावून नमस्कार केला.

"तुम्ही काही बोललात का?" मी विचारलं.

"शप्पथ नाही, बाबा. या वेळी मी तोंडच उघडलं नाही."

आम्ही दोघं हसलो. हसून झाल्यावर दोघांनाही कसंतरी झालं.


२१ मार्च, शुक्रवार

आगळ तयार झाली. चौकोनी तासली, कडा मारल्या, पॉलिशकागद फिरवला. मालकांनी विचारलं, "काय हो, घरी कुलूप नाही का?" करवतवाला म्हणाला, "असेल, पण चावी वहिनींकडे असणार."

आज डॉक्टरांकडून निरोप आला. गुरुवार, सत्तावीस तारीख. त्यानंतर ते इथे नाहीत आणि दुसऱ्या कुणावर सोडावं अशी गाठ नाही. चिमणीनं फोनवर मला सांगितलं. "त्या दिवशी सकाळी लवकर जायला लागेल, बाबा."

मी म्हटलं, "आधी रविवारी सहलीला येतेस का? मीपण येतो. खांबापाशी जाऊ."

मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "तुम्हाला खांबापाशीच जायचंय?"

"हो."

"बरं. येते."

एवढ्या सहज कबूल झाली याचा आनंद व्हायला हवा होता.


२३ मार्च, रविवार

सविस्तर लिहितो.

आगळ बसमध्ये मावेना. शेवटी मधल्या वाटेत आडवी झोपवली, तिचं एक टोक माझ्या पायाशी, दुसरं पार पुढे जावयांच्या पायाशी. येणारा जाणारा तिच्यावरून टांग टाकून जात होता. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "काय साहेब, होडी वल्हवायला निघालात?" त्यांची बायको म्हणाली, "तुम्ही गप बसा. त्यांचं काहीतरी मागणं असेल." चिमणी माझ्या शेजारी होती. तिनं लाकडाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. मला काहीच विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो कोण जाणे.

तट झाला, तळं झालं. प्रार्थनाघरात मी मागच्या बाकावर बसून राहिलो. मागण्यासारखं एकच होतं आणि तेही शब्दांत धरता येईना. जावई तिकडे वास्तूची माहिती देत होते. दोनदा एकच वाक्य बोलले.

मठाच्या फाटकाशी मी आगळ खांद्यावर घेतली. पहारेकऱ्यानं हात आडवा केला.

"काका, लाकूड आत नाही."

"थोडा वेळच. दाराला लावून बघायची आहे."

"इथं काही लावायचं, ठोकायचं, टेकवायचं नाही."

"ठोकत नाही. नुसती सरकवायची."

"सरकवायची पण नाही. जुनी वस्तू आहे ती. उद्या तुम्ही दार आणाल, परवा कुलूप आणाल. माझी नोकरी जाईल."

जावई पुढे झाले. पहारेकरी त्यांच्या रोजच्या ओळखीचा. त्यांनी एरवी कुठल्या कुठे गुंडाळलं असतं त्याला. पण आज नुसते म्हणाले, "अरे, जरा..." आणि थांबले. पहारेकरी म्हणाला, "तुम्हीच रोज सांगता ना, गाईडसाहेब, कशाला हात लावू नका म्हणून?"

त्याचं बरोबरच होतं. आगळ फाटकाच्या भिंतीला टेकवली आणि रिकाम्या हातांनी आत गेलो.

सगळे खांबासमोर गोळा झाले. जावयांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आता एकानं तरी बोलायचं होतं. माझ्या मनात वाक्य तयार होतं, नुसतं तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही. जावयांचं उघडलं आणि त्यातून सवयीनं तेच आलं, "इथे एक संन्यासिनी राहायची..." त्यांचा चेहरा पाहवेना. चालत्या करवतीसारखं, एकदा सुरू झालं की मधे थांबवता येत नाही, तसे ते शेवटपर्यंत गेले. "...हात घालून बघा. तळ लागत नाही."

होडीवाल्या गृहस्थांची बायको पुढे सरली. तेव्हा चिमणी म्हणाली, आणि आवाज घोगरा होता पण सगळ्यांना ऐकू गेला, "मावशी, घाला हात खुशाल. पण आगळीचं भोक आहे ते. दार लावल्यावर मागून घालायचं लाकूड असतं ना, ते. आमच्या बाबांनी सकाळपासून तेच बसमधून आणलंय, फाटकावर अडवलं बिचाऱ्यांना."

मग गृहस्थ म्हणाले, "तरीच! मी उगीच होडी म्हटलं." लोक हसले. जावई हसले नाहीत. ते म्हणाले, "बरोबर आहे. आगळीचंच आहे. संन्यासिनीचं मी जुळवलेलं होतं." कुणी रागावलं नाही. मावशींनी तरीही हात घातला, डोळे मिटले आणि काय ते आत ठेवलं.

लोक पुढे गेले. चिमणी आणि मी पायरीवर बसलो.

"तुला कधी कळलं?" मी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. बाबा, गावी आजीकडे असताना रोज सकाळी आगळ भिंतीत सारायचं काम माझं होतं. ढकलता यायची नाही, तर आजी मागून रेटायची. मी ओळखणार नाही?"

हे मला आठवायला हवं होतं. मीच तर तिला दर सुट्टीत गावी सोडायला जायचो.

"मग हे सगळं?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. आजीची सवय आहे ती. "मला भीती वाटते. दिवस ढकलायला काहीतरी पाहिजे होतं. यांनी खांब दिला. तुम्ही दोघं तो काढून घेईनात, मला वाटलं तुम्हालापण दिवस ढकलायचेच आहेत." मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुम्ही इथवर लाकूड आणलंत, बाबा. एवढ्या लांब. तिथं मात्र गेटच्या आत येत नाही."

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. उठून नवऱ्याकडे गेली आणि त्यांच्या पाठीवर एक चापट मारली. "चला, संन्यासी." ते रडत होते.

परतताना आगळ घ्यायला गेलो तर पहारेकरी तिच्यावर बसून डबा खात होता. म्हणाला, "लाकूड चांगलं आहे हो. विकायचं आहे का?"


२४ मार्च, सोमवार

आगळ परत वखारीत कोपऱ्यात ठेवली. कुणी काही विचारलं नाही.

बाटलीचं कारण नव्हतं तर. हॉस्पिटलच्या दाराशी ती बाटलीसाठी वळून पाहत नव्हती.


२६ मार्च, बुधवार

मालकांकडे उद्याची रजा मागितली. जाऊन करणार काय, हे मलाही ठाऊक नाही. मला डॉक्टरकीतलं कळत नाही. तिला धीर द्यावा तर माझाच धीर मला सापडत नाही. आत जाऊन भोवळ आली तर तिच्याऐवजी लोकांना मलाच सांभाळावं लागेल. हिला तसं म्हटलं. ती म्हणाली, "पडलात तर हॉस्पिटलातच पडाल. बाहेर झाडाखाली पडण्यापेक्षा सोयीचं."


२७ मार्च, गुरुवार

हे हॉस्पिटलच्या आतून लिहीत आहे. वही सदऱ्याच्या खिशात आणली होती, हाताला काही काम असावं म्हणून.

सकाळी गेटाशी आल्यावर पाय थांबले. सवय. चिमणी पुढे दोन पावलं गेली, वळली नाही. तिनं नुसता हात मागे केला. लहानपणी रस्ता ओलांडताना मी करायचो तसा. मी तो धरला. पुढचं मला नीट आठवत नाही. फिनेलचा वास, लांब बोळ, चाकाच्या खुर्च्या. आईच्या वेळचं दार रंगवलं आहे, पण दार तेच. त्या दाराशी परिचारिका म्हणाली, "इथून पुढे नाही, काका." चिमणीनं हात सोडवून घेतला. म्हणाली, "बसून राहाल ना?" घोगऱ्या आवाजात. हा आवाज परत ऐकू येईल का, कसा ऐकू येईल, कुणी सांगितलेलं नाही. मी हो म्हटलं.

दार लागलं.

जावई माझ्या एका बाजूला आहेत, ही दुसऱ्या बाजूला. जावई सकाळपासून एक शब्द बोललेले नाहीत. मघाशी ही म्हणाली, "रेडिओ बिघडला वाटतं." कुणी हसलं नाही. मग तिघंही हसलो, मग पुन्हा गप्प झालो. नाम घ्यायला बसलो तर पहिल्या अक्षराशीच अडतो आहे. तर नुसता बसलो आहे. करण्यासारखं दुसरं काही नाही आणि जे आहे ते एवढंच आहे.

बाकडं दाराच्या अगदी समोर आहे. कुणी म्हणालं, बाहेर जाऊन चहा घेऊन या, वेळ लागेल. मी उठलो नाही.